ब्रुकलंड्स: बाबांसोबत काँक्रीटच्या त्या भिंतीपाशी

बाबांना इंग्लंडला येऊन तीन आठवडे झाले होते, राजवाडा बघून झाला, नदीवरचे पूल बघून झाले, पण ज्या जागेसाठी मी त्यांची वाट बघत होतो ती राहिलीच होती. ब्रुकलंड्स, मोटारींच्या रेसचा जुना ट्रॅक, आता तिथे म्युझियम आहे! बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमधे गेली, लहानपणी ते घरी आले की खाकी कपड्यांना डिझेल आणि ग्रीसचा वास यायचा, गाड्यांचं वेड मला तिथूनच लागलं. शनिवारी सकाळी लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून ट्रेन पकडली, अर्ध्या तासात वेब्रिज आणि तिथून चालत वीसेक मिनिटं.

म्युझियममधे शिरल्यावर आधी गाड्या बघायच्या असं ठरलं होतं पण बाबा झाडांच्या दिशेनं बघत उभेच राहिले, कारण तिकडे काँक्रीटचा एक प्रचंड काठ वर वर चढत गेला होता. "हा रस्ता आहे?" म्हणाले. हो, रस्ताच. याला मेंबर्स बँकिंग म्हणतात, खाली जवळजवळ सपाट आणि वर जाता जाता इतका उभा होत जातो की माथा जमिनीपासून जवळपास २९ फूट. जत्रेतला मौत का कुआँ आठवा, त्यातला बाईकवाला वेगामुळे भिंतीला चिकटून राहतो ना, तेच गणित. जितका वेग जास्त तितकी गाडी वरच्या बाजूनं जायची आणि जोर बाहेर ढकलण्याऐवजी टायरखाली काँक्रीटवर दाबला जायचा.

आज लोकांना इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन माहिती असतं, पण तिथे रेस सुरू झाल्या १९४८ मधे. ब्रुकलंड्स उघडलं १७ जून १९०७ ला, खास मोटारींच्या रेससाठी बांधलेला असा बँकिंगचा ट्रॅक त्याआधी जगात कुठेच नव्हता. तेव्हा ब्रिटनच्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा होती, म्हणजे आपले ३२ किलोमीटर, मग इंग्रज कंपन्यांनी वेगवान गाडी बनवून चालवायची कुठे? ह्यू लॉक किंग नावाचा इथला जमीनदार, त्यानं स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या खिशातले दीड लाख पौंड घालून पावणेतीन मैलांचा, १०० फूट रुंदीचा ट्रॅक बांधला. काम चालू असताना तो खचला, आजारी पडला, पैसे संपत आले आणि त्याच्या बायकोनं, एथेलनं, सगळं हातात घेऊन ते पूर्ण केलं. मला विचाराल तर हा ट्रॅक तिचाच. पण पहिल्या वर्षी बायकांना इथे रेस करायला बंदी होती! १९०८ मधे एकदाची बायकांची रेस झाली, म्युरिएल थॉम्पसन जिंकली. पुढे १९३५ मधे के पेट्रे, उंची पाच फुटांपेक्षाही कमी, साडेदहा लिटर इंजिनच्या डेलाज गाडीत बसून याच काठावरून ताशी १३४.७५ मैलांच्या वेगानं लॅप, म्हणजे ट्रॅकची पूर्ण फेरी, मारून गेली.

बाबांनी वाकून काँक्रीटवर हात ठेवला. रात्री पाऊस पडून गेला होता, सांध्यांमधे हिरवंगार शेवाळ, आणि थोड्या थोड्या अंतरावर ठिगळं, वेगवेगळ्या रंगाची, एकावर एक. बाबा म्हणाले, "खालचा भराव दाबला नव्हता यांनी." अगदी बरोबर! नऊएक महिन्यांत काम उरकायचं म्हणून ताज्या मातीच्या भरावावर सळ्या न घालता थेट काँक्रीट ओतलं, मग माती बसत गेली, ट्रॅक खालीवर झाला आणि दर हिवाळ्यात डागडुजी. वे नदी ट्रॅकखालून जाते, तिथला पूल मात्र जागचा हलला नाही आणि त्याच्या आसपासचा भराव खाली बसला, त्यामुळे तिथे असा उंचवटा झाला की जोरात आलेली गाडी चक्क हवेत जायची.

तसा एक फोटो आत लावलाय आणि फोटोतली गाडी समोरच उभी आहे, नेपियर रेल्टन. विमानाचं इंजिन बसवलेली, बारा सिलिंडर, जवळजवळ २४ लिटर. ७ ऑक्टोबर १९३५ ला रेसर जॉन कॉबनं हिच्यातून ताशी १४३.४४ मैल म्हणजे ताशी २३० किलोमीटरच्या वर सरासरीनं लॅप मारला आणि तो रेकॉर्ड कुणीच मोडू शकलं नाही. बाबा गाडीभोवती दोनदा फिरले, खाली बसून पुढच्या चाकाच्या आत बघितलं, परत उठले आणि मला हळूच म्हणाले, "अरे, पुढे ब्रेकच नाहीत." खरंच नाहीत, फक्त मागच्या चाकांना. त्यानंतर बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आठवतो तो पर्सी लॅम्बर्ट. १५ फेब्रुवारी १९१३ ला टॅल्बट गाडीत एका तासात १०० मैलांच्या पुढे जाणारा जगातला पहिला माणूस. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला इथेच पुन्हा रेकॉर्ड करायला गेला, टायर फुटला आणि त्यातच त्याचा जीव गेला.

आवाजावरून आसपासचे लोक कोर्टात गेले होते, त्यामुळे रात्रीच्या रेस बंद झाल्या, म्हणून १९२९ मधे २४ तासांची रेस बारा-बारा तास करून दोन दिवस घेतली. १९२६ मधे पहिली ब्रिटिश ग्रां प्री पण इथलीच.

१९३९ मधे युद्ध आलं आणि सगळं थांबलं. ट्रॅकच्या आतल्या मैदानावर विमानांचे कारखाने आधीपासून होतेच, मग वरून दिसू नये म्हणून काँक्रीट फोडून त्यात झाडं लावली, कुठे बँकिंग कापून वाट काढली. तरी ४ सप्टेंबर १९४० ला बॉम्ब पडले, ऐंशीहून जास्त कामगार गेले. इथे बनलेलं एक वेलिंग्टन विमान स्कॉटलंडच्या लॉक नेस तलावात पडलेलं, ते १९८५ मधे वर काढून आता आत ठेवलंय, त्याचा सांगाडा बघून बाबा म्हणाले हे तर बुरुडाचं काम, टोपलीसारखं विणलंय. पुढे कॉनकॉर्ड विमान पण उभं आहे, पण त्याच्या आत चढायला बाबा तयार नव्हते, त्यांना परत काठापाशी जायचं होतं.

दुपारी ऊन पडल्यावर काँक्रीट वाळलं होतं. बाबांनी खालच्या कडेपासून वरच्या दिशेनं पावलं मोजायला सुरुवात केली, मी मागे. पंधरापर्यंत आरामात, विसाच्या पुढे पोटऱ्या भरून आल्या, मग ते पुढे झुकले, एक हात जमिनीला टेकला आणि तसेच थांबले. वर अजून बराच काठ बाकी होता. खालून ट्रेन गेल्याचा आवाज आला. "इथून गाडी जायची?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, याच्याही वरून. त्यांनी वर बघितलं, मग खाली, आणि म्हणाले त्या नेपियर रेल्टनचं इंजिन चालू करून दाखवतात त्या दिवशी आपण परत येऊ, जरा चौकशी करून ठेव.