कर्सिव्हमध्ये गिरवायची असते ती जोडणी

कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या सरकारी मराठी शाळेत कर्सिव्ह, म्हणजे अक्षरं जोडून लिहायचं इंग्रजी, सुरू होईपर्यंत मुलाचा हात देवनागरी आणि कन्नडमध्ये मुरलेला असतो. दोन्हींत अक्षर झालं की पेन्सिल उचलायची. कर्सिव्हमध्ये नेमकं तेच करायचं नसतं. म्हणून ए ते झेड पानंच्या पानं गिरवली, तरी शब्द सांगितला की अक्षरं सुटी पडतात.

क्रम वर्णमालेचा नको, वळणाचा हवा. आधी सी, ए, डी, जी, क्यू, ओ. ही सगळी घड्याळाच्या उलट फिरतात. ए वरून उघडा राहिला की यू वाचला जातो, डी फाटला की सी-एल. मग आय, यू, टी, डब्ल्यू. त्यानंतर एल, ई, एच, के, बी, एफ हे फाशांचे, म्हणजे लूप असलेले. एन, एम आणि उरलेली शेवटी. चाररेघी वहीत टी हा एलपेक्षा बुटका असतो आणि एफ तिन्ही घरं व्यापतो, एवढं फळ्यावर चार रेघा मारून दाखवलं की पुरतं.

खरी गोम ओ, व्ही, डब्ल्यू, बी या चौघांत आहे. बाकीची बहुतेक अक्षरं खालच्या रेघेवरून पुढे सरकतात, ही चार वरच्या रेघेवरून. 2014 पासूनचं सरकारी ‘बेळगावी’ इंग्रजीत लिहायला द्या. शेवटच्या व्हीवरून आयकडे जाताना मूल सवयीने खाली उतरतं आणि व्ही-आयच्या जागी यू-आयसारखं काहीतरी उमटतं. व्हीच्या टोकाला छोटा झोका देऊन आय वरूनच सुरू करायचा. ओनंतर आर, डब्ल्यूनंतर ई, बीनंतर आर अशा जोड्या सुट्या काढून एकेक दिवस तेवढ्याच घ्याव्यात.

शिरोरेषेची सवय मात्र इथे कामाला येते. शब्द पुरा करून एका ओढीत रेघ देणाऱ्या मुलाला सांगायचं, आयचा ठिपका आणि टीची आडवी रेघही तशीच, शब्द संपल्यावर. ‘निप्पाणी’चे दोन्ही ठिपके शेवटी. जी मुलं मराठीतही अक्षरागणिक तुकडा-तुकडा रेघ देतात, ती कर्सिव्हमध्येही दर अक्षराला थांबतात; त्यांची मराठीची वही आधी दुरुस्त करा. (मोडीत तर रेघ आधीच पानभर ओढून मग हात शक्यतो न उचलता लिहीत. त्या पिढीला कर्सिव्ह फारसं परकं वाटलं नसावं.)

वर एक कित्ता आणि खाली दहा ओळी, ही पद्धत सोडावी. दोन-तीन ओळींनंतर मूल कित्ता बघतच नाही, स्वतःचीच वरची ओळ उतरवतं आणि चूक पक्की होते. दर तिसऱ्या ओळीला नवा कित्ता द्या, रोज पंधरा मिनिटं, बस्स. नलिकलीच्या (कर्नाटकातल्या सरकारी शाळांतली हसतखेळत शिकण्याची पद्धत) वर्गात पहिली ते तिसरी एकत्र असतात. तिथे लहानांना पाटीवर नुसत्या लाटा आणि फासे काढू द्यावेत.

तिरकेपणासाठी अडून बसू नका. मराठी आणि कन्नड दोन्ही उभ्या लिहिल्या जातात, उभं कर्सिव्हही छान वाचता येतं. वही थोडी तिरकी ठेवली तर हात आपोआप वळतो: उजव्या हाताने लिहिणाऱ्याची डावीकडे कललेली, डावखुऱ्याची उजवीकडे. डावखुऱ्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजाऱ्याचं कोपर लागून प्रत्येक जोडणी मोडते.