‘ओम’बद्दल राहून गेलेला वाद

१९९५ साली आलेल्या ‘ओम’ या कन्नड चित्रपटाने आता तिशी ओलांडली, तरी त्याचा विषय निघाला की बोलणे अजूनही कोयत्यापासूनच सुरू होते. या चित्रपटाने रौडीला, म्हणजे गुंडाला, नायक केले, हाणामारीला देखणेपण दिले आणि पुढच्या कित्येक कन्नड चित्रपटांना ‘लाँग’ आणि ‘मच्चू’ या कोयत्यासारख्या हत्यारांची चटक लावली, ही त्याच्याविरुद्धची जुनी तक्रार आहे. ती निराधार नाही, कारण त्यानंतर आलेल्या नकलांचा ढीग बेळगावच्या चित्रपटगृहांतूनही पुष्कळ पाहायला मिळाला. तरीही हा वाद भलत्याच जागी रेंगाळला आणि ज्याबद्दल खरोखर भांडायला हवे होते ते बाजूलाच राहिले, असे माझे मत होत गेले आहे.

वाद एवढा पेटण्याचे एक कारण चित्रपट कोणत्या घरातून आला यात होते. निर्मात्या पार्वतम्मा राजकुमार आणि नायक त्यांचे थोरले चिरंजीव शिवराजकुमार. पार्वतम्मांचे पती आणि कन्नड पडद्याचे सर्वांत लाडके नायक डॉ. राजकुमार यांनी पडद्यावरची आपली प्रतिमा आयुष्यभर जपली होती. त्यांचा नायक दारू-सिगारेटला शिवत नसे, आणि कुटुंबाने मुलाबाळांसह निर्धास्त जाऊन बसावे असा त्यांच्या चित्रपटांचा लौकिक होता. त्याच घराने उपेंद्र नावाच्या तरुण, तिरकस बुद्धीच्या दिग्दर्शकाच्या हाती असा विषय द्यावा, याचा धक्का जुन्या प्रेक्षकांना बसणे स्वाभाविक होते. संहिता ऐकून राजकुमार यांनी तिच्या पहिल्या पानावर ‘ओम’ लिहिले आणि तेच पुढे चित्रपटाचे नाव झाले, अशी आख्यायिका सांगतात. हंसलेखांच्या संगीतात सूर्याला आळवणारे एक गीत राजकुमार यांनी स्वतः गायले आहे. रक्ताने माखलेल्या कथेत ते प्रार्थनागीत ऐकताना आजही थोडे चमत्कारिक वाटते, आणि मला वाटते ते तसे वाटावे म्हणूनच तिथे आहे.

सीमाभागातील मराठी माणसाचे राजकुमार यांच्याशी नाते मात्र सरळ नव्हते. १९८२ च्या गोकाक चळवळीत, शाळेत कन्नडला अग्रस्थान मिळावे म्हणून, त्यांनी बेळगावपासून बेंगळूरपर्यंत जनजागृतीचा दौरा काढला होता. ज्या घरांत मुलांच्या मराठी शाळेची काळजी होती, त्या घरांत हे नाव कौतुकाने घेतले जात नसे. आमच्या थोरल्यांपैकी काहींनी त्यांचा एकही चित्रपट आयुष्यात पाहिला नाही. त्यामुळे ‘ओम’ला गर्दी करणारी बेळगावातल्या शहापूर-वडगावची मराठी मुले पाहून वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, तेव्हा त्यातल्या निम्म्या हाणामारीसाठी होत्या आणि निम्म्या भाषेसाठी. मुलांना दोन्हींचे सोयरसुतक नव्हते. बाजारात आणि मित्रांत शिकलेल्या कन्नडवर ती चित्रपट पाहत, आणि गंमत अशी की त्यातली बेंगळुरी रस्त्यावरची बोली आमच्याकडच्या धारवाडी वळणाच्या कन्नड भाषकांनाही तितकीच परकी वाटत असे. एखादा संवाद कळला नाही म्हणून शेजारच्या कन्नड मित्राकडे पाहावे, तर तोही आपल्यासारखाच खांदे उडवी.

कथा थोडक्यात अशी आहे. सत्या हा प्रतिष्ठित पुरोहिताचा मुलगा. मधू (अभिनेत्री प्रेमा) आपल्या कारणासाठी त्याचा वापर करते, प्रेमाचे नाटक करते, आणि ते उघड झाल्यावर हा मुलगा गुन्हेगारीत शिरतो. पण चित्रपट हे या क्रमाने सांगत नाही. आपल्याला आधी भेटतो तो अख्खे शहर ज्याला वचकून आहे असा सत्या, जो या मुलीच्या मागे लागला आहे आणि आपल्यावर प्रेम कर म्हणून तिला दरडावतो आहे. त्याचा भूतकाळ नंतर कळतो. पटकथेची ही उलटी वीण हे उपेंद्रचे खरे कसब, आणि माझ्या मते चित्रपटाचा खरा दोषही त्यातच आहे. आधी आपण मुलीच्या बाजूने असतो, तिच्या भीतीत सहभागी असतो. मग पूर्वकथा येते आणि आपली सहानुभूती अलगद तिच्याकडून काढून त्याला दिली जाते. भूतकाळ कळल्यावर पहिल्या भागातला सगळा जाच जणू तिने ओढवून घेतलेला ठरतो. एका मुलीने फसवले म्हणून चांगल्या घरातला मुलगा वाया गेला, ही समजूत आमच्या गल्लीबोळांत आधीच पुरेशी घट्ट होती. चित्रपटाने तिला टाळ्यांची साथ मिळवून दिली. कोयता हाती घेणारे प्रेक्षकांत किती निघाले असतील ते निघोत, पण नकार देणाऱ्या मुलीच्या मागे लागणे म्हणजे निष्ठा, हे शिकून बाहेर पडणारे नक्कीच जास्त होते. त्या काळी माझ्या कानावर आलेल्या टीकेत याचा उल्लेख क्वचितच असे.

दुसरा आक्षेप खऱ्या रौडींचा. बेंगळूरच्या गुन्हेगारी जगातील काही प्रत्यक्ष माणसे या चित्रपटात छोट्या भूमिकांत दिसतात, आणि त्याची चर्चा चित्रपटाच्या प्रसिद्धीला पूरकच ठरली. बेंगळूरने सत्तर-ऐंशीच्या दशकांत जयराज आणि कोतवाल रामचंद्र यांच्या टोळ्यांचा काळ पाहिला होता. कोतवालचा खून १९८६ मध्ये आणि जयराजचा १९८९ मध्ये झाला, म्हणजे ‘ओम’ आला तेव्हा त्या आठवणी ताज्या होत्या. दिग्दर्शकाला अस्सलपणा हवा असतो हे मान्य. परंतु ज्यांनी कुणाचे तरी घर उद्ध्वस्त केले, त्यांचे चेहरे पाहायला तिकीट काढून जायचे, यात कलेपेक्षा कुतूहलाचा व्यापार अधिक होता. हिंसाचाराची दृश्ये मला फारशी खटकत नाहीत, ती कथेला आवश्यक आहेत. हे मात्र खटकते.

एवढे म्हटल्यावर शिवराजकुमार यांच्या कामाबद्दल लिहिलेच पाहिजे. तोवर सोज्वळ, आनंदी नायक म्हणून ओळखला जाणारा हा नट दाढी वाढवून, तारवटलेल्या डोळ्यांनी उभा राहतो आणि त्यातही पुरोहिताच्या मुलाचा संकोच पूर्णपणे पुसू देत नाही. वडिलांसमोर येताच त्याचे खांदे उतरतात, ते पाहण्यासारखे आहे. त्यांना त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राज्य पुरस्कार मिळाला, तो उगाच नव्हे. १९९९ साली हीच कथा ‘अर्जुन पंडित’ या नावाने हिंदीत आली आणि आमच्याकडच्या अनेकांनी तीच आधी पाहिली; पण सनी देओलचा संताप प्रेक्षकांना पाठ होता, त्यामुळे साधा माणूस बिघडत गेल्याचा धक्का तिथे बसलाच नाही.

‘ओम’ पुन्हा पुन्हा प्रदर्शित होत राहिला. पाचशेहून अधिक वेळा, असे कन्नड चित्रपटसृष्टीत अभिमानाने सांगितले जाते. त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. तो वीस वर्षे दूरचित्रवाणीवर दाखवलाच गेला नव्हता, पाहायचा तर चित्रपटगृह गाठणे भाग होते. २०१५ मध्ये तो छोट्या पडद्यावर आला तेव्हा ज्यांना त्या गर्दीत कधी जाताच आले नव्हते, अशा घरातल्या बायकांनी तो पहिल्यांदा पाहिला. आमच्या वहिनींचा पहिला प्रश्न कोयत्याबद्दल नव्हता. या मुलीचे घरचे करतात काय, असे त्यांनी विचारले. चित्रपटावरचे इतके परखड परीक्षण मी तोवर ऐकले नव्हते.

आता मोबाईलवर त्याचे तुकडे फिरतात, आणि त्यांत नेमका तेवढाच भाग उरतो ज्याची तीस वर्षांपूर्वी तक्रार झाली होती. वडिलांसमोर मान खाली घालणारा सत्या त्यात नसतो आणि घाबरलेली मधूही नसते. ज्यांनी फक्त हे तुकडे पाहिले आहेत त्यांनी पूर्ण चित्रपट सुरुवातीपासून पाहावा, आणि मध्यंतरापर्यंत आपण कुणाच्या बाजूने होतो ते विसरू नये.