बर्फाच्या मशिनचं इंजिन आणि बाबांचा व्हर्निअर

पुण्यात येऊन चार दिवस झाले आणि बॅग उघडल्या उघडल्या बाबांनी चॉकलेटांच्या आधी काय मागितलं असेल तर तुटलेला कनेक्टिंग रॉड, म्हणजे इंजिनात पिस्टनला फिरणाऱ्या क्रँकशी जोडणारा दांडा. जानेवारीत मिशिगनला आमच्या स्नो ब्लोअरचं, म्हणजे दारापुढचा बर्फ उडवून बाजूला टाकायचं मशिन असतं ना त्याचं, इंजिन गेलं. खाडकन आवाज, मशिन बंद, आणि पांढऱ्या बर्फावर काळं ऑईल. तिकडे सकाळचे आठ म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसहा, लगेच बाबांना व्हिडिओ कॉल.

बाबांची सगळी नोकरी खडकीला इंजिनांच्या कारखान्यात झाली. पहिलंच वाक्य, "बोअर करून घे, ओव्हरसाइज पिस्टन टाक." म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा कापायचा आणि त्यात मोठा पिस्टन बसवायचा. आमच्या चेतकचं दोनदा तसंच केलेलं, नाना पेठेतून सामान आणायचं आणि ब्लॉक लेथवाल्याकडे टाकायचा. पण तिकडे मजुरी तासावर असते, खोलून परत जोडायचे पैसेच नव्या इंजिनाच्या वर जातात. तरी ते ऐकेनात, मग मी कॅमेरा ब्लॉकवर नेला, अंगठा जाईल एवढं भोक. जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "नवीनच घे गं. पण आधी माप घे."

हे माप घेणं हेच खरं काम. हॉर्सपॉवर सगळे बघतात, पण इंजिनातून बाहेर येणारा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, जुळला नाही तर पुली बसतच नाही. बाबांच्या व्हर्निअरने (बारीक माप घ्यायचं सरकपट्टीचं साधन) मोजला तर आमचा पाऊण इंच जाडीचा निघाला, १९.०५ मिमी, मग शाफ्टची लांबी, पुली घसरू नये म्हणून घालायच्या लोखंडी चावीची खाच, बेसपासून उंची, आणि चार बोल्टांच्या भोकांमधलं अंतर १६२ बाय ७५.५ मिमी. होंडाच्या जीएक्स २०० इंजिनाचं हेच माप आहे आणि त्या धर्तीवरची बरीच चिनी इंजिनं पण ह्याच मापात येतात, त्यामुळे २१२ सीसीचं एक मिळालं. जुनी पुली गंजून बसलेली, पुलर, म्हणजे पुली ओढून काढायचं हत्यार, लावून निघायला अख्खा रविवार गेला.

एक गोष्ट मला माहीतच नव्हती, बर्फाच्या मशिनला एअर फिल्टर नसतो! फिल्टरच्या स्पंजमध्ये उडालेला बर्फ जाऊन गोठतो आणि हवाच बंद होते, म्हणून फिल्टर काढून कार्बोरेटरवर पत्र्याचं झाकण बसवायचं, सायलेन्सरची ऊब आत राहते.

आणि नवीन इंजिन येतं कोरडं, आत ऑईल नसतं. दोरी ओढायच्या आधी बाबांनी कॉलवर मला साधारण ६०० मिली ऑईल भरायला लावलं, डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी बघायची पट्टी, कॅमेऱ्यासमोर धरायला लावली आणि २० तास चाललं की पहिलं ऑईल बदल हे तीनदा सांगितलं.

काल जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून रॉड बघत बसले होते. म्हणाले, बघ, ह्यात वेगळं बेअरिंग नाही, ऍल्युमिनियम सरळ क्रँकवर फिरतं, खालची ही छोटी पळी ऑईल उडवते तेवढंच वंगण. ऑईल कमी आणि त्यात तुमचा उताराचा रस्ता, ऑईल एका बाजूला गेलं की पळी कोरडी फिरते, मग रॉड क्रँकला चिकटून अडकतो आणि तुटतो. दोन वर्षं मी डिपस्टिक काढून बघितली नव्हती, मला फार वाईट वाटलं, चांगलं मशिन होतं ते.

उद्या ते तुकडे घेऊन नाना पेठेत लेथवाल्या काकांकडे चाललेत, मला पण चल म्हणालेत.