ओर्ताच्या पुस्तकातली झाडं: पारिजातक आणि कोकम झालं

पारिजातकाची शीट फायनली पूर्ण झाली. जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात, गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या पुस्तकातली जी झाडं आपल्याकडे मिळतात त्यांची हर्बेरियम शीट (दाबून सुकवलेला नमुना कागदावर चिकटवलेला) करायची आणि त्याने लिहिलेला उपयोग जमेल तिथे करून बघायचा, असा हा उद्योग.

फुलं दाबली की तपकिरी पडतात, त्याला इलाज नाही, म्हणून देठं वेगळी काढून सावलीत सुकवली. ओर्ता म्हणतो या देठांनी जेवणाला केशरासारखा रंग देतात. मी ती कोमट पाण्यात भिजवून तुरटी लावलेलं रेशमाचं कापड त्यात बुडवलं, मस्त पिवळा-केशरी रंग आला, उन्हात मात्र उडतो. गंमत म्हणजे देठातलं रंगद्रव्य खरंच क्रोसेटिन, म्हणजे केशराच्याच घराण्यातलं, आणि या बाबाने साडेचारशे वर्षांपूर्वी नुसतं बघून तुलना अचूक केली होती. मला तो याचसाठी आवडतो, ग्रीक-रोमन ग्रंथ तोंडपाठ पण डोळ्यांनी बघितलेलं काही वेगळं निघालं की सरळ तसं लिहून मोकळा.

कोकमाचं पान जाड, ब्लॉटिंग पेपर रोज बदलावा लागला. ओर्ताच्या काळी फळाची साल व्हिनेगर करायला वापरायचे. आगळात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा, लाल रंग गेला की निळसर-करडा होतो.

आता माणसाबद्दल. आईबाप स्पेनमधून हाकललेले ज्यू, हा जन्मला पोर्तुगालच्या कास्तेलो द विदेमध्ये, वरून ख्रिश्चन, लिस्बनला शिकवत होता, १५३४ मध्ये जहाजात बसून गोव्याला आला तो परत गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले, मुंबई बेट भाड्याने घेतलं, तिथे बाग होती. पुस्तकभर हिंग, भांग, धोतरा, मोडशी सगळ्यावर बोलतो, स्वतःच्या घराबद्दल अवाक्षर नाही, आणि ते का हे पुढचं वाचलं की कळतं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे गुपचूप ज्यू धर्म पाळणाऱ्यांना वगैरे शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं, हा १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी बहीण कातारिनाला जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये याची हाडं उकरून जाळली. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, तिथे बसून भेळ खाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं देव जाणे.

पुढचा नंबर धोतऱ्याचा. पुस्तकात धोतरा खायला घालून दागिने चोरल्याचा किस्सा आहे, तो उपयोग अर्थातच करून बघणार नाही 😄 फक्त शीट, तीही ग्लोव्ह्ज घालून. त्यानंतर आंबा. मुंबईतल्या त्याच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ यायचं म्हणे, तसं झाड कुणाकडे असेल तर मोहोरासकट एक डहाळी हवी आहे, कुरियरचा खर्च मी देतो.