सरांचे गुडघे

सकाळी सव्वासात. चहा अजून गाळायचा होता, तेवढ्यात फोन टुणटुणला. पेनांगचे काका. "गुड मॉर्निंग मॅडम. सरांचे गुडघे आज कसे आहेत?" खाली तीन मिनिटांचा व्हिडिओ. एक माणूस सतरंजीवर उताणा पडलाय आणि गुडघ्याखाली ठेवलेली टॉवेलची गुंडाळी दाबतोय. मग हात जोडल्याचं चित्र.

आज सलग तिसरा दिवस.

मी फोन उपडा ठेवला. सूनबाईने विचारलं, कोण? म्हटलं, कोणी नाही, गुड मॉर्निंगवाले.

ह्यांच्या गुडघ्यांना कधीही काही झालेलं नव्हतं. बाकीचं एकेक करून गेलं, गुडघे तेवढे शेवटपर्यंत ठणठणीत. दर रविवारी सिंहगड. पंच्याहत्तरीनंतरसुद्धा वरच्या पिठलं-भाकरीवाल्या बाईला "पुढच्या रविवारी येतो" सांगूनच उतरायचे. आणि अशा माणसाला मी गुडघेदुखी लावून दिली. तीही बेल्जियममध्ये, बसमध्ये बसून, चकली खाता खाता.

धाकट्याने परस्पर बुकिंग करून टाकलं होतं. "आई, घरात बसून काय करतेस? ब्रुजला जाऊन ये. गाइड असतो, सकाळी नेतात, रात्री आणून सोडतात." घरात बसून काय करतेस, हे लागलं जरा. ते जाऊ दे. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांवरून उठून अडीचशे किलोमीटर कशाला जायचं, तर दुसरे कालवे बघायला. सदाशिवातल्या माणसाने नारायण पेठ बघायला ट्रिप काढावी तसं. पण पैसे भरलेले होते, आणि भरलेले पैसे बुडवायची आमच्यात रीत नाही.

बस चांगली होती. दोन-दोनच्या सीटा. गाइड पुढून मागे यायचा ते जोड्या मोजत, दोन, चार, सहा. माझ्यापाशी आला की बोट अडखळायचं. पूर्ण बसमध्ये विषम एकटी मीच. शेजारच्या सीटवर माझी छत्री आणि पर्स.

पलीकडच्या बाजूला हे काका-काकू. मूळचे तमिळ, पण तीन पिढ्या मलेशियात. काकू साडीवर जॅकेट आणि पायात स्पोर्ट्स शूज, म्हणजे माझाच अवतार. सीमा ओलांडली तेव्हा काही कळलंच नाही, एक निळी पाटी मागे गेली एवढंच. अँटवर्पच्या अलीकडे गाड्या तुंबल्या तेव्हा काकूंनी डबा उघडला. मुरुक्कू म्हणजे चकलीच, फक्त जरा कडक. एक माझ्या हातात ठेवली. मग त्यांनी माझ्या टिकलीकडे बघितलं, मग छत्रीकडे.

"तुमचे मिस्टर नाही आले?"

मी तोंड उघडलं आणि आतून आलं, "गुडघे. घरी आहेत."

तीन दिवस ह्या एका वाक्याभोवती फिरतेय. इंग्रजीत विचारलं म्हणून असं झालं, असं मला वाटतं. मराठीत कुणी विचारलं की "गेले" हा शब्द जिभेवर तयारच असतो, आता तर घोटून गुळगुळीत झालाय, बोलताना काही लागत नाही. इंग्रजीत तो शब्द शोधावा लागला असता. त्या शोधाशोधीत "हिज नीज" आधी सापडलं. पण गुडघेच का? घरी झोपलेत म्हणायचं, आयपीएल बघतायत म्हणायचं. निदान ते तरी खरं वाटलं असतं.

काका लगेच पुढे वाकले. त्यांच्या उजव्या गुडघ्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेलं. "सरांचा कुठला? उजवा की डावा?"

"दोन्ही," मी म्हटलं. झालंच आहे तर कमी कशाला.

सर! ह्यांना उभ्या जन्मात कुणी सर म्हटलं नाही. एमएसईबीत सगळ्यांचे अण्णा. एका खोट्यात गुडघे गेले, पण बढती मिळाली.

ब्रुजला बसला गावात जाता येत नाही. गावाबाहेरच्या तळावर उतरवतात, मग लाल पुलावरून पलीकडच्या बागेत आणि तिथून पायी. मिनेवॉटर म्हणून तळं आहे, त्याच्या काठाशी हंसच हंस. गाइडने छत्री वर करून गोष्ट सांगितली. 1488 मध्ये गावाने आपल्या राज्यकर्त्याला, ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनला, कोंडून ठेवलं आणि त्याच्या कारभाऱ्याचा, पीटर लांकाल्सचा, शिरच्छेद केला. लांकाल्स म्हणजे लांब मानेचा. सुटल्यावर मॅक्सिमिलियनने शिक्षा दिली, यापुढे लांब मानेचे पक्षी जन्मभर पोसा. दंतकथा आहे असं तोच म्हणाला. काका म्हणाले, हंस कसले, आमच्याकडे असता तर कर बसवला असता.

पुढे बेखाइनहोफ. पांढरी घरं, मध्ये उंच झाडं, खाली पिवळे डॅफोडिल्स. 1245 पासूनचं आहे. इथे बायका राहायच्या, पण जोगिणी नव्हेत. जन्मभराची शपथ नाही, स्वतःचा पैसा स्वतःकडे, वाटलं तर बाहेर पडायची मोकळीक. नवरा नसलेल्या, नवरा गेलेल्या, सगळ्या. आता तिथे बेनेडिक्टाइन जोगिणी असतात. काकूंना खरं सांगून टाकायला ह्याहून बरी जागा कुठली? मी मनाशी जुळवाजुळवसुद्धा केली. पण दारातच पाटी, शांतता पाळा. पाळली.

चर्चमध्ये मायकेलअँजेलोची आई आणि बाळ आहे, संगमरवरी. फ्रेंचांनी 1794 मध्ये नेली, परत आली. जर्मनांनी 1944 मध्ये नेली, ती ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीत सापडली, पुन्हा परत आली. तिकीट वेगळं, गाइड बाहेरच थांबला. पोरगं आईच्या मांडीवरून उतरायच्या बेतात आहे, एक पाय जवळजवळ खाली. ती त्याला धरत नाही की बघत नाही, हात नुसता लागलेला. मी बराच वेळ उभी होते. असो.

मग तो चौक. छत्री पुढे, आम्ही मागे, दोन्ही बाजूंना चॉकलेटची दुकानं, आणि मधोमध एक पुतळा. गाइड त्याच्याविषयी अवाक्षर न काढता चालला होता. मीच विचारलं, हे कोण? म्हणाला, सिमॉन स्टेव्हिन, इथेच 1548 मध्ये जन्मला, गणिती होता.

मी थांबलेच. एकतीस वर्षं सहावीला दशांश अपूर्णांक शिकवले मी! ह्या माणसाने 1585 मध्ये दशांशांवर एक छोटी पुस्तिका काढली, तीसुद्धा लॅटिनमध्ये न लिहिता आपल्या डच भाषेत, मोजणीदारांना आणि व्यापाऱ्यांना कळावी म्हणून. युरोपात ही रीत तिथून पसरली. चिन्ह मात्र आपलं नव्हतं त्याचं. टिंब देण्याऐवजी प्रत्येक अंकापुढे वर्तुळात एक, दोन, तीन असे घरांचे आकडे घालायचा. ते वर्तुळवाले आकडे मी पोरांना फळ्यावर काढून दाखवायचे, गंमत म्हणून.

काकूंना हे सगळं सांगत सुटले. चॉकलेट राहिलं बाजूला. आणि सांगता सांगता म्हटलं, "आमचे हे म्हणतात, दशांश चिन्ह दिसतं ढेकणाएवढं, पण जागा चुकली की विजेचं बिल दहापट."

काकू खूप हसल्या. काका म्हणाले, सर मजेशीर आहेत.

म्हणतात. म्हणायचे नव्हे, म्हणतात. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. चौदा महिन्यांत असं वाक्य झालं नव्हतं. घरात सगळे सांभाळून भूतकाळात बोलतात, मीसुद्धा. आणि मग, आता लिहायला लाज वाटते, मला चटक लागली. दिवसभर मी क्रियापदं तशीच लावत गेले. ह्यांना कॉफी आवडत नाही. हे फोटोत डोळे मिटतात. हे माझ्या दहा पावलं पुढे चालतात. शेवटचं बोलले तेव्हा काका म्हणाले, "गुडघे दुखत असून?" सारवासारव करावी लागली. पूर्वी चालायचे म्हटलं.

तर एक माणूस मला दिवसभर परत मिळाला, पण लंगडा. स्वतःचीच कीव आली त्या क्षणी. कसली मी बाई, जिवंत करायचा तर धड तरी करावा.

होडीत अर्धा तास. खाली गोल पूल येतात, नावाडी डोकी खाली घ्यायला सांगतो. त्यानेच समुद्राचं सांगितलं. 1134 च्या वादळात समुद्राने गावाच्या दिशेने एक खाडी उघडून दिली, झ्विन तिचं नाव. गाव श्रीमंत झालं. मग खाडी गाळाने भरत गेली आणि 1500 च्या सुमाराला जहाजं, व्यापारी, पैसा सगळं अँटवर्पकडे वळलं, म्हणजे सकाळी आम्ही तुंबलो होतो तिकडे. आपल्या सोपाऱ्याचं बंदरही गाळानेच गेलं. मागे राहिलेल्या गावाकडे जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसेच नव्हते, म्हणून आज आम्ही तिकीट काढून ती बघतो. अर्थात जुनी वाटणारी बरीच घरं एकोणिसाव्या शतकात जुन्यासारखी नवीन बांधलेली आहेत, असंही तो म्हणाला. मला तो माणूस आवडला. रोझेनहूडकायपाशी, जिथे सगळं जग फोटो काढतं, काकूंनी माझा काढला. "सरांना पाठवा आत्ताच." मी फोन हातात घेऊन खालीवर केल्यासारखं केलं. ह्यांचा नंबर आहे अजून फोनमध्ये. त्याविषयी नाही लिहायचं.

मार्क्ट ह्या मुख्य चौकातला घंटेचा मनोरा 83 मीटर. वर 47 घंटा, चढायला 366 पायऱ्या, अरुंद आणि गोल. काकू निघाल्या, खांद्याला पर्स अडकवून, तरतर. मी आणि काका खाली राहिलो, दोन पुतळ्यांच्या समोर. एक विणकर, एक खाटीक, 1302 मध्ये फ्रेंचांशी लढलेले. काका गुडघा चोळत म्हणाले, "सर आले असते तर आम्ही दोघं इथेच बसलो असतो. छान सोबत झाली असती."

मला कसंतरी झालं. कारण सर इथे बसलेच नसते. सर एव्हाना दोनशेव्या पायरीवर असते, मोठ्याने मोजत. उतरल्यावर तिकीटखिडकीशी जाऊन म्हणाले असते, 365 भरतात, तुमची एक जास्त आहे. खाली बसणारी मीच असते. सिंहगडावरही मी नेहमी अर्ध्यातच टेकायचे आणि हे वरून परत खाली यायचे, मला घ्यायला. "गुडघे बाई तुझे, वंगण घातलं पाहिजे."

गुडघे माझेच की. अँटवर्पच्या ट्रॅफिकमध्ये पहाटेपासून अवघडून बसलेले माझे स्वतःचे दोन गुडघे. तोंडाशी जे होतं ते बाहेर पडलं. तीन दिवस उगाच मोठं काहीतरी शोधत होते.

वर घंटा वाजायला लागल्या. काकांनी खिशातून फोन काढला. "मॅडम, नंबर द्या. मला फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम आहेत. सरांना नक्की उपयोग होईल." एखादा आकडा चुकवायचा होता. नाही चुकवता आला. एकतीस वर्षांची सवय.

रात्री बसमध्ये दिवे घालवले. काकू काकांच्या खांद्यावर. गाइड पुन्हा दोन, चार, सहा करत आला आणि माझ्यापाशी अडखळला नाही, हसून पुढे गेला. उतरताना काका म्हणाले, "सरांना नमस्कार सांगा." सांगते म्हटलं.

आत्ता रात्रीचे साडेनऊ. सकाळच्या मेसेजला उत्तर द्यायचं राहिलंय. दुपारी एकदा लिहिलं होतं खरं काय ते, चार ओळी. धाकट्याला इंग्रजी शब्द विचारला असता तर तो "एक्सपायर्ड" म्हणाला असता. तो शब्द मला खोकल्याच्या बाटलीवर ठीक वाटतो. "पास्ड अवे" लिहून बघितलं. मग "ॲक्च्युअली" ने सुरुवात केली. पुसलं. काका पुढच्या आठवड्यापर्यंत पॅरिसमध्ये आहेत, तिथेही मनोरे असतील आणि काकू वर जातील, काका खाली एकटेच बसतील. त्यांना वाईट वाटेल. त्यांनाच, असं लिहून ठेवते.

"दोन्ही गुडघ्यांना थोडा फरक आहे. व्यायाम चालू आहे," असं लिहून पाठवलं. लगेच दोन निळ्या खुणा, आणि अंगठा.

आता चालू आहे म्हटलंय तर चालू केला पाहिजे. सूनबाईचा न्हाणीतला टॉवेल आणलाय, गुंडाळी केलीय. गुडघ्याखाली ठेवायची, दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. असं दहादा. डावा झाला. उजवा कटकट करतोय.