बिल कोणी भरायचं

रविवार, रात्री

"तुझ्या प्रामाणिकपणाचं बिल मंडळीनं का भरायचं?" काका एवढंच म्हणाले आणि स्कूटर काढून छावणीकडे निघून गेले. चिडून बोलले असते तर सोडून दिलं असतं. अगदी शांतपणे बोलले, म्हणून दुपारपासून दुसरं काही सुचत नाही.

मंडळी म्हणजे आमचं चर्च, आणि मी तिची खजिनदार. विषय रंगाचा. सभागृहाच्या बाहेरच्या भिंतींसाठी रंग, प्रायमर, पुट्टी असा ४०,००० रुपयांचा माल. इंदूरच्या सियागंज बाजारात दुकानदारानं नेहमीप्रमाणे विचारलं, कच्चं बिल की पक्कं? पक्क्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,२०० रुपये वर. मी पक्कं म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आत्ताही वाटत नाही. कराचे पैसे आपले नव्हतेच, तर ते वाचवले असं म्हणायचं कसं? कैसराचं ते कैसराला, म्हणजे राज्याचा कर राज्याला, हे संडेस्कूलच्या पोरांनाही पाठ असतं.

तरी लागलं. खजिनदार व्हायला कोणी तयार नव्हतं तेव्हा हीच सगळी मंडळी घरी येऊन बसली होती. उपासना संपली की लोक अंगणात गप्पा मारतात, मी आत बसून चुरगळलेल्या नोटा सरळ करत असते. घरी जेवण ताटकळलेलं. कोणी कधी 'दमलीस का' म्हणून विचारत नाही, आणि विचारलं तर हे. आई असती तर तिला सांगितलं असतं. जाऊ दे.

दिवसभर काकांना मनातल्या मनात उत्तरं देत राहिले. एकही पुरत नाही, कारण त्यांनी 'खोटं बिल घे' असं म्हटलंच नाही. कोणी भरायचं, एवढंच विचारलं.

संध्याकाळी बायबलातलं पंधरावं स्तोत्र काढलं. परमेश्वराच्या मंडपात कोण राहील, असा त्यात प्रश्न आहे आणि उत्तरात एक माणूस असा आहे, की शपथ वाहिल्यावर स्वतःचं नुकसान होत असलं तरी मागे फिरत नाही. स्वतःचं नुकसान. मग येशूला भेटून बदललेला जकातदार जक्कय आठवला. त्यानं चौपट परत करीन म्हटलं ते स्वतःच्या मालमत्तेतून. दावीद राजाला वेदी बांधायची होती, तेव्हा अरवना आपलं खळं, बैल, लाकडं सगळं त्याला फुकट द्यायला निघाला होता. दावीद म्हणाला, मला फुकट पडलेलं होमार्पण मी परमेश्वराला करणार नाही, आणि ५० शेकेल रुपं मोजून दिलं. पण राजाच तो, दिलं ते आपल्या थैलीतून. माझ्या हातातली थैली माझी नाही. तिच्यात परदेशीपुऱ्याहून येणाऱ्या मावशींचं पाकीट आहे, दर महिन्याला येणारं, स्टेपल केलेलं. चार घरची भांडी घासून भरलेलं.

मार्काच्या बाराव्या अध्यायात येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहतो, आणि गरीब विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकते. आपण तेवढंच वाचतो आणि उपदेशही त्याच्यावरच होतात. त्याच्या लगेच आधी मात्र विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल त्यानं कडक शब्दांत सांगितलं आहे. टोल्या टाकणारी बाई आणि असल्या पैशांवर डोळा ठेवणारे, दोघं एकमेकांना लागून आहेत. खजिनदारानं हा अध्याय बसून वाचावा आणि मग शांत झोपून दाखवावं.

आजी नगरची. कवी नारायण वामन टिळकांचं नाव निघालं की ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं बोलायची. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. सत्याशी इमान राखलं, खरंच राखलं. पण त्यापायी नवरा जिवंत असताना लक्ष्मीबाईंनी काही वर्षं नातेवाइकांच्या आधारानं काढली. पुढे त्या आपल्या पायांनी आल्या, आपल्या मनानं ख्रिस्ती झाल्या. मग १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली, म्हणजे पुन्हा घर त्यांच्याच अंगावर. आजीला टिळकांबद्दल कमी आदर नव्हता. फक्त हिशेब पुरा झाला पाहिजे, असं तिला वाटायचं.

एकदा मनात आलं, ७,२०० आपणच भरून टाकावेत. पगारातून जमेल, ह्यांना सांगितलं तर तेही नाही म्हणणार नाहीत. काकांचं तोंडही बंद होईल. पण न सांगता भरले तर वहीत ४०,००० दिसणार आणि ते खोटं असणार. दान म्हणून लिहिले, तर पुढच्या वेळी दुकानात उभं असताना सगळे म्हणतील, खरं वागायचं खातं ताईंचं आहे, त्या बघतील. रंग मंडळीच्या भिंतीला लागला आहे. कर मंडळीचा. भरला तोही मंडळीनं, आणि ते बरोबरच आहे. मावशींच्या पैशातून भरला हेही खरं. दोन्ही एकदम खरं असण्याची मला सवय नाही.

यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला पैसा प्रेषित पौलानं एकट्यानं नेला नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला भाऊ दिला. कारणही लिहून ठेवलं आहे, करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात: प्रभूच्याच नाही, माणसांच्याही नजरेत जे चांगलं ते आम्ही पाहतो. मी हे आजवर चोरी होऊ नये म्हणून असं समजत होते. ज्यांचे पैसे त्यांनाच बरोबर घेऊन चालायचं, असंही ते आहे.

रडू कधीचंच ओसरलं. काका उद्धट नाहीत. मला जे मावशींना विचारायचं सुचलं नसतं ते त्यांनी मला विचारलं. मला वाटतं मावशींनी पक्कंच म्हटलं असतं. पण ते माझं वाटणं झालं.

हॉलच्या वायरिंगचं काम आता यायचंय. दोन ठिकाणांहून अंदाजपत्रक करासकट मागवते, आणि या वेळी ते नुसतं कमिटीत न ठेवता उपासनेनंतर सगळ्यांपुढे वाचून दाखवते, कराचा आकडा वेगळा सांगून. जास्त वाटलं तर यंदा फक्त मेन लाइन आणि पंखे करू. बाकीचं पुढच्या वर्षी.