सूत्र आहे, मग मोजता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर हल्ली मी हसून विषय बदलतो. तुमचं म्हणणं असं: इलेक्ट्रॉन आदळून अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन किती वेळा उडतो, याचं सूत्र हान्स बेथे या भौतिकशास्त्रज्ञाने 1930 मध्येच दिलंय. आता तर संगणक आकडा काढून देतो. मग नुसत्या तांब्याच्या के-शेलपायी, म्हणजे अणूच्या सगळ्यात आतल्या कक्षेपायी, प्रबंधाची पाच वर्षं कसली घालवलीत?

बेथेचं सूत्र वेगवान इलेक्ट्रॉनसाठी आहे हो. तांब्याचा उंबरठा, म्हणजे तो आतला इलेक्ट्रॉन उडवायला लागणारी किमान ऊर्जा, 8.98 केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट); 12 केईव्हीने येणारा इलेक्ट्रॉन त्याच्यापुढे कसला वेगवान? आणि मायक्रोप्रोबवर, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत टाकून, धातू तपासणारे उंबरठ्याच्या दीडपट-दुपटीलाच तर काम करतात. शिवाय आतली जागा रिकामी झाली की क्ष-किरण निघतोच असंही नाही. तांब्यात शंभरातले साधारण 44 वेळा निघतो, बाकी वेळा ती ऊर्जा घेऊन अणूतला दुसराच इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, त्याला ऑजे इलेक्ट्रॉन म्हणतात. आम्ही क्ष-किरण मोजणार, मग तांब्याच्या पातळ फिल्मची जाडी, इलेक्ट्रॉन बीमचा करंट, डिटेक्टरची कार्यक्षमता, सगळ्यांनी भागणार. एक आकडा चुकला की गेलं.

तिसऱ्या वर्षी तसंच झालं. 12 केईव्हीपासून पुढचे माझे सगळे बिंदू सिद्धांताच्या रेषेच्या वर बसले. 12 ला वर, 20 ला वर, 30 लाही तितकेच वर: 18 टक्के. सगळीकडे सारखंच वर, म्हणजे ऊर्जेशी संबंध नसलेली चूक. माझ्या डोक्यात एकच आलं, जाडी. फिल्म एक ज्युनियर करायचा, जाडी वजनावरून काढायचा. चार जणांदेखत मी त्याला म्हटलं, "तुला साधं वजन करता येत नाही का?" तो म्हणाला, "दादा, पुन्हा करतो."

सहा आठवडे केल्या त्याने. कार्बनची फिल्म काचेवरून पाण्यावर सोडायची, ती तरंगत असताना खालून अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम घालून अलगद उचलायची, तोवर श्वाससुद्धा जपून घ्यायचा. निम्म्या फाटायच्या. टिकलेल्यांवर तांबं चढवायचं. मी मोजलं. पुन्हा 18.

एका रात्री डिटेक्टरमध्ये लिक्विड नायट्रोजन ओतून झाल्यावर सहज कॅलिब्रेशनच्या सोर्सची फाइल उघडली; डिटेक्टरची कार्यक्षमता या किरणोत्सारी सोर्सवरून ठरवतात. आयर्न-55, अर्धायुष्य 2.74 वर्षं. सोर्स किती मंदावला याची मोजणी मी धरली होती तो रजिस्टरमध्ये चढला त्या तारखेपासून. सर्टिफिकेटवरची तारीख त्याच्या आठ महिने आधीची. आठ महिन्यांत सोर्स साडेपंधरा टक्के मंदावतो. डिटेक्टरची कार्यक्षमता तेवढीच कमी दिसते. भागाकारात आकडा 18 टक्क्यांनी फुगतो. उभ्या उभ्या हिशेब झाला. फिल्म पहिल्यापासून बरोबर होत्या.

ज्युनियरला सांगितलं मी. पण एकट्यात.

दुरुस्तीनंतर हे बिंदू रेषेवर आले, सर खूश झाले. चूक सापडली, विषय संपला, असं मी तेव्हा म्हणत होतो. आता त्या माझ्याशी माझं भांडण होतं. आकडे पहिल्याच दिवशी रेषेवर बसले असते तर तू ती फाइल उघडली असतीस का? दोन चुका एकमेकींना खाऊन बसल्या असत्या तरी तुला रेषाच दिसली असती. तेव्हाचा मी म्हणतो, कुठेतरी थांबावं लागतं, प्रबंध द्यायचा होता. तेही खोटं नाही. पण जुळेपर्यंत शोधायचं आणि जुळलं की थांबायचं, तर मग मी मोजलं काय? तुमचा प्रश्न मला झोंबतो तो यामुळे.

आणि 10 केईव्हीचा बिंदू अजूनही 8 टक्के वर आहे. उंबरठ्याजवळ आलेख इतका चढा असतो की इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या गनचा मीटर शंभर व्होल्ट कमी दाखवत असेल, तरी हिशेब जुळतो. पण हाय व्होल्टेजचा मीटर तपासायला दोन माणसं लागतात. दुसरा माणूस म्हणजे तोच ज्युनियर. मी त्याला विचारलं नाही. प्रबंधात त्या बिंदूला लांबलचक एरर बार, म्हणजे अनिश्चिततेची रेघ, आहे.